खुर्ची साडेदहा महिने रिकामी होती, तेव्हा आपण कुठे होतो?

वर्ल्ड कप जिंकल्यापासून अमोल मुझुमदारांचे फोटो माझ्या मोबाईलवर येतच आहेत. 'चक दे'मधल्या कबीर खानशेजारी त्यांचा फोटो. खाली ओळ काय, तर ज्याला इंडियाकडून कधी खेळायला मिळालं नाही त्याने इंडियाला कप मिळवून दिला. छान आहे. मी पण दोन ग्रुपवर पुढे ढकलला. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवरून मॅच संपली तेव्हा आमच्या गल्लीतही फटाके वाजले, मी खोटं कशाला बोलू.

पण मित्रहो, त्याच डी. वाय. पाटीलवरची दुसरी एक गोष्ट सांगतो. तिचा फोटो कुणी फॉरवर्ड केला नाही.

डिसेंबर २०२२. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाविरुद्ध पाच टी-ट्वेंटी सामने, पहिला ९ तारखेला डी. वाय. पाटीलवर. आणि ६ तारखेला, म्हणजे बरोबर तीन दिवस आधी, बीसीसीआयचं पत्रक आलं. मुख्य प्रशिक्षक रमेश पवार आता बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत जाणार, हृषीकेश कानिटकर बॅटिंग कोच म्हणून संघाबरोबर येणार. कारण काय? संरचनेत फेरबदल. आपल्याकडे झेडपीत बदलीच्या ऑर्डरवर 'प्रशासकीय कारणास्तव' लिहितात ना, त्यातलंच. वाचणाऱ्याला काही कळू नये म्हणूनच तो शब्द असतो.

बरं, नवा मुख्य प्रशिक्षक कोण? कुणीच नाही. खुर्ची तशीच.

ती खुर्ची २५ ऑक्टोबर २०२३ ला भरली. साडेदहा महिने. या साडेदहा महिन्यांत आपल्या बायका काय घरी बसल्या होत्या का? ऑस्ट्रेलियाकडून ४-१ अशी मालिका हरल्या. दक्षिण आफ्रिकेत टी-ट्वेंटी वर्ल्ड कप खेळल्या, केपटाऊनला सेमीफायनल पाच धावांनी गेली. हरमनप्रीतची बॅट खेळपट्टीत अडकली आणि ती रनआऊट झाली, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. जुलैत बांगलादेशात गेल्या, तिथं वन-डेत बांगलादेशकडून पहिल्यांदाच हरल्या, शेवटच्या मॅचला कर्णधाराने बॅट स्टंपवर मारली आणि दोन सामन्यांची बंदी ओढवून घेतली. सप्टेंबरात एशियन गेम्सचं सोनं आणलं. वर्ल्ड कप आणि एशियन गेम्स, दोन्ही मुख्य प्रशिक्षकाशिवाय! कानिटकरांनी सांभाळलं, बांगलादेशात नूशीन अल खदीरने सांभाळलं, त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रभारी तो प्रभारी. प्रभारी हेडमास्तर शाळा चालवतो, शाळेचं काही ठरवत नाही.

त्यातही नवीन माणसाच्या मुलाखती जुलैतच झाल्या होत्या. सल्लागार समितीने आपलं काम केलं. मग घोषणा व्हायला जवळपास चार महिने का लागले? याचं उत्तर आजतागायत कुणी दिलं नाही, कारण कुणी मागितलंच नाही.

आता पुरुषांचं बघा. २० जून २०१७ ला अनिल कुंबळेंनी राजीनामा दिला. कोहलीशी पटत नव्हतं, जगजाहीर भांडण. ११ जुलैला रवी शास्त्रींचं नाव जाहीर. एकवीस दिवस! त्या एकवीस दिवसांत प्रत्येक चॅनेलवर रोज चर्चा, कोण येणार, का येणार, कुणाला कोण नको आहे. म्हणजे भांडणं पुरुषांच्या संघातही होतात. फरक एवढाच की तिथं खुर्ची रिकामी ठेवायची कुणाची हिंमत होत नाही.

काही जण म्हणतील, पवारांचा एवढा पुळका का? पुळका नाही. मुंबईचा माणूस, मराठी माणूस म्हणून वकिली करायला मी बसलेलो नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात अँटिग्वाला इंग्लंडविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये मिताली राजला बाहेर बसवलं, आपण ११२ वर ऑलआऊट झालो, आठ विकेटने हरलो. पवार तेव्हा प्रशिक्षक. मितालीने बोर्डाला पत्र लिहिलं की मला अपमानित केलं गेलं, पवारांनी अहवालात तिच्याबद्दल उलट तक्रारी केल्या, आणि दोन्ही कागद पेपरात आले. हरमनप्रीत आणि आपल्या सांगलीच्या स्मृतीने पत्र लिहून सांगितलं की आम्हाला पवारच हवेत. बोर्डाचा कारभार तेव्हा कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांकडे होता, ते दोन प्रशासकसुद्धा एकमेकांच्या विरोधात. शेवटी ३० नोव्हेंबरला करार संपला आणि पवार गेले. माझं मत विचाराल तर मितालीला त्या मॅचला बसवणं चूक होती, आणि नंतर ते ज्या पद्धतीने चव्हाट्यावर आलं ती त्याहून मोठी चूक.

आणि इथं माझाही हिशेब देतो. तेव्हा मी पेपरला डेस्कवर होतो. ती बातमी मी कशी लावली? 'दोघींचं भांडण' म्हणून. मिताली विरुद्ध हरमन, चौकट करून, फोटो समोरासमोर. करार कुणी केला, किती महिन्यांचा, तक्रार आली तर ऐकणार कोण, यातला एक प्रश्न माझ्या बातमीत नव्हता. बायकांचा संघ म्हणजे भांडणच असणार, हे डोक्यात बसलेलं. डिप्लोमात शिकवलेलं 'कोण, काय, कधी, कुठे, का' यातला 'का' मी खाल्ला.

मागे गेलं तर हेच दिसतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये पूर्णिमा राव यांना काढलं, वर्ल्ड कप दोन-अडीच महिन्यांवर आलेला. तुषार आरोठे आले, संघ लॉर्ड्सवर फायनलला गेला, नऊ धावांनी हरला. पुढच्या वर्षी, बांगलादेशकडून आशिया कपची फायनल हरल्यावर आणि खेळाडूंची नाराजी बाहेर आल्यावर, आरोठे गेले. पवार आले, गेले. मग डब्ल्यू. व्ही. रामन.

रामन यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. ८ मार्च २०२० ला मेलबर्नला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल, स्टेडियममध्ये ८६ हजारांवर माणसं. त्यानंतर पुढचा आंतरराष्ट्रीय सामना कधी, माहिती आहे? ७ मार्च २०२१. वर्षभर एक मॅच नाही. कोरोना होता हो, पण पुरुष त्याच काळात ऑस्ट्रेलियाला जाऊन कसोटी मालिका जिंकून आले. वर्षभर घरी बसवलेला संघ लखनौला दक्षिण आफ्रिकेकडून हरला आणि मे महिन्यात रामन यांच्या जागी पुन्हा पवार! ज्यांना अडीच वर्षांपूर्वी जाऊ दिलं तेच. आणि वन-डेची कर्णधार कोण, तर मिताली. रामन यांनी गांगुली आणि द्रविड यांना ईमेल पाठवून आपल्याविरुद्ध मोहीम चालल्याची तक्रार केल्याचं छापून आलं. पुढे काय झालं? काही नाही.

म्हणजे साडेसहा वर्षांत पाच वेळा माणूस गेला. आणि पूर्णिमा राव यांच्यानंतर कायम पदावर एकही बाई नाही. नूशीनने जानेवारी २०२३ मध्ये १९ वर्षांखालच्या मुलींना वर्ल्ड कप जिंकून दिला होता, आपल्या महिला क्रिकेटमधला पहिला जागतिक कप. तेव्हा मोठ्या संघाची खुर्ची रिकामीच होती. तिला काय मिळालं, तर बांगलादेश दौरा. असो.

हे फक्त क्रिकेटचं नाही. फुटबॉलमध्ये गोव्याच्या मेमोल रॉकी २०१७ पासून महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या, २०१९ चा सॅफ कप जिंकून दिला. जुलै २०२१ मध्ये वैयक्तिक कारण देऊन बाजूला झाल्या. सहा महिन्यांवर आशिया कप, तोही आपल्या महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याला. स्वीडनचे थॉमस डेनरबी आले, कोरोनामुळे संघाला स्पर्धेतून माघारच घ्यावी लागली. पुढे २०२४ या एका वर्षात त्या मुलींनी तीन प्रशिक्षक बघितले. हॉकीत यानेके शॉपमन यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सरळ सांगितलं की इथं मला मान मिळत नाही, पुरुषांच्या प्रशिक्षकाला मिळतो तो वेगळा. काही दिवसांत राजीनामा. त्या निदान बोलल्या तरी.

सोलापूरकरांना यात काय, असं वाटत असेल तर माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आठवा. भाला आणि गोळाफेक करणारी पोरगी, क्रिकेटसाठी नागालँडकडून खेळली, एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध नाबाद १६२ मारले. टी-ट्वेंटीत दीडशेच्या पुढे जाणारी पहिली भारतीय, बाई नाही, भारतीय! सप्टेंबरात इंग्लंडमध्ये पदार्पण, प्रशिक्षक पवार. सहा सामने मिळाले, धावा झाल्या नाहीत हे खरं. संघाबाहेर गेली तर त्यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण अशा पोरीला समोर बसवून, बाई, तुझं इथं चुकतंय, हे करून ये, पुढच्या वर्षी बघू, असं सांगायला कुणीतरी लागतं की नाही? डिसेंबरात ती सांगणारी खुर्चीच उचलली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं, तेव्हा आपण पुन्हा स्टेटस ठेवले.

माझी भाची खो-खो खेळायची. विभागीय स्पर्धेला चार दिवस असताना त्यांच्या सरांची बदली झाली. शाळेचं नाव घेत नाही. पोरींनी आपसात ठरवून सराव केला, पहिल्याच फेरीत हरल्या. घरी येऊन तिने बूट माळ्यावर टाकले. हरल्याचं तिला फार नव्हतं. सर का गेले हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही, एवढंच ती दोन दिवस विचारत होती.

आता तुम्ही म्हणाल, जिंकलो ना शेवटी, कशाला उकरून काढता. जिंकलो म्हणूनच काढतोय. मुझुमदारांच्या काळात काय वेगळं झालं ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला आपण साखळीतच बाहेर पडलो. जुन्या रिवाजाने त्यांचं पत्रक निघायला हवं होतं. नाही निघालं. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा लागोपाठ तीन मॅच हरलो. तेव्हा याच फेसबुकवर मुझुमदारांना घरी पाठवा म्हणणारे कोण होते, त्यांनी आपापल्या पोस्ट बघाव्यात. डिलीट केल्या असतील. नंतर जेमिमाचे १२७, ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार, आणि फायनल. माणूस तोच राहिला, त्याला दोन वर्षं मिळाली. रामन यांना तेवढी शांत दोन वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

प्रशिक्षकाला काढूच नये असं माझं म्हणणं नाही. काढा. हरला म्हणून काढा, खेळाडूंशी वाईट वागला तर नक्की काढा, उद्याच्या उद्या काढा. पण कारण सांगा, मालिकेच्या तीन दिवस आधी काढू नका, आणि काढायच्या आधी पुढचा माणूस तयार ठेवा. २७ ऑक्टोबर २०२२ ला याच बोर्डाने पुरुषांएवढी मॅच फी बायकांना जाहीर केली होती. चांगलं केलं, मी तेव्हा कौतुकाचं लिहिलं होतं. त्यानंतर सहा आठवड्यांत प्रशिक्षक काढून घेतला. मॅच फी समान झाली, खुर्चीचं काय?

मुझुमदारही कधीतरी जातील. त्या दिवशी पत्रकात पुढच्या माणसाचं नाव आहे की नाही ते मी पहिल्यांदा बघणार आहे.

कमेंटमध्ये मिताली की हरमन हे सुरू करू नका, उत्तर देणार नाही. एक काम मात्र करा. ज्यांच्या घरी किंवा वाचनालयात ७ डिसेंबर २०२२ चे सोलापूरचे पेपर असतील त्यांनी पवारांच्या बदलीची बातमी कुठल्या पानावर, किती ओळींची होती, त्याचा फोटो टाका. आमच्या पेपरात ती खेळाच्या पानावर सगळ्यात खाली होती, सिंगल कॉलम. मीच लावली होती.