मत्स्यालयातील पाण्याचा आवाज

उंच इमारतींच्या वस्तीत एका घरातील पाणी हा त्या एकाच घराचा प्रश्न राहत नाही. कोलकात्याच्या पूर्वेस राजारहाटच्या परिसरात वसलेल्या न्यू टाउनचेच उदाहरण घ्या. बागबाजारनजीक गॅलिफ स्ट्रीटवरील रविवारच्या बाजारातून आणलेल्या माशांनी बैठकीची शोभा वाढते खरी. पण मत्स्यालयातील पाणी सांडले, तर ते खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छतातून ठिबकते. मत्स्यालयाचा आवाज बंद करू पाहणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

मोठ्या मत्स्यालयाच्या खाली बहुधा दुसरी टाकी असते. वरच्या टाकीतील पाणी कोपऱ्यातील कप्प्यात ओसंडते, नळीवाटे खाली येते, गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. रात्री घर निजले की नळीतील गुडगुड जाणवू लागते. तिचे कारण हवा होय. अर्धवट भरलेल्या नळीतून पडणारे पाणी आपल्यासोबत हवा ओढून नेते. नळी पूर्ण भरून वाहू लागली की आवाज आपोआप थांबतो.

यासाठी कप्प्यात दोन नळ्या बसवितात. हौशी मंडळींत ही योजना ‘हर्बी’ या नावाने ओळखली जाते. मुख्य नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असते. दुसरीचे त्याहून उंच असते. मुख्य नळीवर चाक फिरवून हळूहळू मिटणारा गेट व्हॉल्व्ह असावा. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या व्हॉल्व्हने बारीक नियमन साधत नाही. या नळीचे खालचे टोक पाण्यात दोनेक सेंटिमीटरच बुडवावे, म्हणजे सुरुवातीला आतील हवा सहज बाहेर पडते.

पंप सुरू करताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. मग तो थोडा थोडा मिटत जा. कप्प्यातील पाणी चढेल व गुडगुड थांबेल. प्रत्येक फेरबदलानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबा. पातळी स्थिरावण्यास अवधी लागतो. दुसऱ्या नळीत सुतासारखी धार पडू लागली की हात आवरा. प्रवाह किंचित कमी-अधिक झाला, तरी ही धार तो फरक सांभाळून घेते.

येथेच एक मोह होतो. तेवढीही धार नको म्हणून दुसऱ्या नळीला बूच लावावेसे वाटते. असे कदापि करू नये. मुख्य नळीत गोगलगाय किंवा पान अडकले, तर सारे पाणी या दुसऱ्या नळीनेच वाहून न्यावयाचे असते. तिच्यावर व्हॉल्व्ह नको, जाळीही नको. तिची परीक्षा सोपी आहे. जवळ उभे राहून मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण मिटा. दुसरी नळी एकटीने सारे पाणी नेऊ शकली नाही, तर नळी मोठी घ्यावी किंवा पंप लहान घ्यावा.

दुसरी परीक्षा वीज जाण्याची. पंप बंद करून पाहा. १२० सें.मी. लांब व ४५ सें.मी. रुंद टाकीतील पातळी ३ सें.मी. उतरली, तरी १६ लिटरांहून अधिक पाणी खाली येते. तेवढी जागा खालच्या टाकीत नेहमी मोकळी हवी. पाणी वर आणणाऱ्या नळीचे तोंडही पृष्ठभागालगतच ठेवावे. ते खोल असल्यास त्यावाटे पाणी उलट उतरत राहते.

दर महिन्यास नळ्यांची तोंडे स्वच्छ करावीत आणि या दोन्ही परीक्षा पुन्हा घ्याव्यात. मग आपणही निर्धास्त निजाल आणि खालचे शेजारीही.