मोटारीचा कर्मणी प्रयोग

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे झाडले जातात, पितळेचे डबे घासले जातात आणि ज्यांच्या दारी मोटार आहे ते तिला सर्व्हिसिंगला धाडतात. आम्हीही सहा वर्षे हा कुळाचार निष्ठेने पाळला. सकाळी गाडी नेऊन द्यायची, काचेच्या थंड खोलीत यंत्रातली कॉफी प्यायची आणि संध्याकाळी बिल हाती पडले की ती कॉफी आपल्याला केवढ्याला पडली याचा हिशेब करायचा!

बिल इंग्रजीत असते. पण मराठीचा मास्तर पडलो, मनातल्या मनात भाषांतर करण्याची खोड जात नाही. ‘एअर फिल्टर बदलला गेला. थ्रॉटल बॉडी साफ केली गेली. एसीचे निर्जंतुकीकरण केले गेले. उंदरांसाठी फवारा मारला गेला.’ सगळा मजकूर कर्मणी प्रयोगात! कर्ता कोण, पत्ता नाही. कर्म मात्र आमचे!

आमच्या शेजारी एक निवृत्त फोरमन राहतात. उभा जन्म पिंपरीच्या कारखान्यात गेलेला. मागल्या वर्षी ते मला म्हणाले, “प्राध्यापक, गाडी देण्याआधी फिल्टरवर एक खूण करून ठेवा. गंमत बघा.” त्यांनीच बॉनेट उघडले, काळ्या डब्याच्या क्लिपा सोडल्या आणि आतली घडीघडीची चौकोनी वस्तू माझ्यापुढे धरली. मी खिशातले लाल पेन काढले आणि उत्तरपत्रिकेवर करतो तशी कोपऱ्यात लफ्फेदार सही ठोकली.

संध्याकाळी गाडी घरी आली. बिलात ‘एअर फिल्टर बदलला’ होताच. डबा उघडला, तर माझी सही मला ओळख दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने तिथे गेलो. टेबलामागून टाय लावलेला एक मुलगा उठला. “सर, तुम्ही?” तीन वर्षांपूर्वी बी.ए.ला माझ्या वर्गात होता. निबंध सुरेख लिहायचा. मी फिल्टर टेबलावर ठेवला. सही पाहताच त्याने मान खाली घातली. फिल्टरचे पैसे लगेच परत मिळाले. मग तो मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, “खरं सांगू का सर? महिन्याचं टार्गेट असतं. गाड्या पुष्कळ, माणसं थोडी. फिल्टर झटकून परत बसवतात, आणि बिल आधीच झालेलं असतं.”

ज्या मुलाला मी ‘साहित्यातील सत्य’ या विषयावर दहा गुणांचा प्रश्न घातला होता, त्याच्यापुढे आता मला एक वाक्य सुचेना. घरी येताना मनात आले, दर दिवाळीला लाल शाईने त्या पोराला पकडत बसायचे, की जमेल तेवढे काम आपणच करायचे? माझा निश्चय रागापेक्षा संकोचातून झाला, हे कबूल केलेले बरे.

घरात तो जाहीर केला तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, वर्गातला फळा पुसायला तुम्हाला शिपाई लागतो!”

पहिली शरमेची गोष्ट अशी, की गाडीबरोबर मिळालेली मालकाची पुस्तिका सहा वर्षे खणात तशीच पडून होती. मूळ ग्रंथ न वाचता गाइडवर परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना मी दरसाल झोडपतो. मी स्वतः तोच विद्यार्थी निघालो! कोणती वस्तू किती किलोमीटरला तपासायची आणि किती किलोमीटरला बदलायची, याचा तक्ताच तिथे छापलेला. माझ्या गाडीचा एअर फिल्टर ४०,००० किलोमीटरला बदलायचा होता. आम्ही तो दर दिवाळीला बदलत होतो. निदान पैसे तरी तसे देत होतो.

पुस्तिका वाचताना वडील आठवले. त्यांच्याकडे दुसऱ्याच्या हातून घेतलेली प्रीमियर पद्मिनी होती. रविवारी सकाळी ते प्लग काढून पॉलिशपेपरने घासायचे, कार्ब्युरेटर उघडून फुंकायचे. माझ्याकडे टॉर्च धरण्याचे काम. “माझ्या तोंडावर नको रे, प्लगवर धर!” हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा ती बातमी वाचता वाचता मला पेट्रोलचा तो वास आला. कार्ब्युरेटर आता गेला. २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि इंजिनात किती पेट्रोल सोडायचे हे संगणक ठरवू लागला. त्या संगणकाचे काम आपल्या आवाक्यातले नाही. पण त्याचा धाक घेऊन आपण साध्या हवा-पाण्यालाही हात लावीनासे झालो, ही चूक मात्र आपली.

मग मी श्रीगणेशा केला. चाकात हवा किती हवी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते, आणि ती मोजायची टायर गार असताना. इंजिनचे तेल पाहायला गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले म्हणजे झाले. एसीचा फिल्टर माझ्या गाडीत समोरच्या खणामागे आहे. तो काढायला पानासुद्धा लागत नाही. नाना पेठेत मला तो बिलातल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाला. कूलंट मात्र इंजिन थंड असतानाच पाहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर दाबाखालचे उकळते पाणी थेट तोंडावर येते.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती. ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने निघते. आधी ऋण टोकाची तार सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. बॅटरी चकचकीत झाली, पण शंकरपाळ्यांच्या ऐन मुहूर्तावर स्वयंपाकघरातून प्रश्न आला, “अहो, सोड्याचा डबा कुठे आहे?” त्या दिवशी मी एअर फिल्टरसारखाच झटकला गेलो.

तेल बदलणे हा माझा गर्वहरणाचा अध्याय. फोरमनसाहेबांनी पहिला धडा दिला तो असा, की नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरायचे नाही. खाली मजबूत स्टँड हवेत, सपाट जमीन हवी, मागच्या चाकांना अडण हवी. तेल उतरवले, नवा फिल्टर लावला, तळाचा प्लग बसवला आणि पुन्हा सुटू नये म्हणून मी तो होती नव्हती ती शक्ती लावून आवळला. सकाळी पाहतो तो गाडीखाली तेलाचे थारोळे! जुनेच वॉशर परत वापरले होते आणि जादा जोराने ते चेपून गेले होते. तसाच कॉलेजला निघालो असतो तर वाटेत इंजिन कोरडे पडले असते आणि वर्षभराची बचत एका दिवसात बुडाली असती. फोरमनसाहेब म्हणाले, “पाना हाताने फिरवायचा, रागाने नाही.” नवे वॉशर बसवले. निघालेले जुने तेल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे दिले. तिथून ते पुनर्वापरासाठी जाते.

म्हणून वाचकहो, माझी एक लक्ष्मणरेषा आहे. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, गॅसचा किट यांना मी हात लावत नाही. ते काम जाणत्याचे. पण तो जाणता कोण, हे ठरवण्याची मुभा मला हवी. हे काही माझ्या एकट्याचे खूळ नव्हे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना सहजी मिळू न देण्यावरून ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे त्यावर अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले, आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. हक्क कागदावर आला, हे उत्तमच. पण बॉनेट कसे उघडते हेच ज्याला ठाऊक नाही, तो हक्क घेऊन करणार काय?

पैसे वाचले का, असे सगळे विचारतात. पहिल्या वर्षी पाने, स्टँड आणि एक बाद झालेली पँट यांत जमाखर्च जेमतेम बरोबर सुटला. लाभ झाला तो निराळा. आता गाडी खाकरली तर मला कळते. बिलातल्या शब्दामागची वस्तू मी पाहिलेली असते. ‘मी फिल्टर बदलला’ हे वाक्यही व्याकरणाने कर्मणीच आहे, असे जाणकार म्हणतील. असो, पण त्यात ‘मी’ तरी आहे! परवा मुलगी टॉर्च धरून उभी होती. “तोंडावर नको गं, प्लगवर धर,” असे माझ्या तोंडून गेले आणि मी थबकलो. मग टॉर्च मी घेतला आणि पाना तिच्या हाती दिला.

यंदा ब्रेक तपासायला त्याच ठिकाणी गेलो. टेबलामागे तोच मुलगा. त्याने खर्चाचा अंदाज छापून माझ्यापुढे ठेवला आणि मी चष्मा काढतो न काढतो तोच कागद परत ओढून घेतला. माझ्या खिशातले लाल पेन मागितले. तीन ओळींवर काट मारली आणि म्हणाला, “हे नको सर. नुसते ब्रेक बघू.”

मी खुशीत घरी आलो. त्या महिन्यात त्याच्या टार्गेटचे काय झाले, हे विचारायचे मात्र राहून गेले. ते विचारायला हवे होते, असे दिवाळीचा पहिला दिवा लावताना वाटले.