बेल्ट लावला नव्हता, म्हणून?

साइटवर माणूस वरून पडला की पोलिसांचा पंचनामा होण्याआधी मुकादमाचा निकाल लागलेला असतो: ‘बेल्ट लावला नव्हता.’ मग तेच ठेकेदार म्हणतो, बिल्डर म्हणतो आणि त्या इमारतीत फ्लॅट घेणारे आपणही म्हणतो. भरपाईच्या दाव्याविरुद्ध सर्वांत जास्त चालणारा युक्तिवाद हाच. तेव्हा आधी त्याचाच समाचार घेऊ.

बेल्टला हूक असतो. तो अडकवायचा कशात? आधाराला ताणलेला पक्का दोरच नसेल, तर बेल्ट ही कमरेची शोभा झाली. दोर ताणणे, लिफ्टची पोकळी बंद करणे, परांचीखाली जाळी लावणे ही बिगाऱ्याची कामे नव्हेत. बरे, समजा सगळे जागेवर होते आणि त्याने खरोखरच बेल्ट काढून ठेवला. 1923 च्या भरपाई कायद्याने नशा, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, सुरक्षासाधन मुद्दाम काढणे हे मालकाचे बचाव मान्य केले आहेत. पण मृत्यू ओढवला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर यांतला एकही बचाव चालत नाही. कायद्यात ठरलेली ही गोष्ट आपल्या साइट ऑफिसांत अजून पोचायची आहे!

‘तो आमचा नाही, सेंट्रिंगवाल्याचा माणूस.’ असू दे. ठेकेदाराच्या कामगाराला मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. उतरंडीचा त्रास मालकाने सोसायचा, विधवेने नाही.

‘आम्ही माणुसकीने पैसे दिले, गावी पोचवलेही.’ आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला, हे सांगायचे राहते. मृत्यूची भरपाई सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात आयुक्तांकडे) जमा करावी लागते. थोड्याशा आगाऊ रकमेखेरीज हातात टेकवलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नाही. हक्क सोडून देणारा करारही त्या कायद्याने निरर्थक ठरतो. माणुसकी जरूर दाखवावी, देण्यातून वजा करू नये.

राहता राहिली घरे महाग होण्याची भीती. अशा भरपाईसाठी काढलेल्या विम्याचा हप्ता हाही सिमेंट-सळईसारखा बांधकामाचाच खर्च आहे.

आता आमची बाजू. ओडिशातल्या जेपूरला 1968 साली सिनेमागृहात नक्षीकाम करणारा एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे, हे अपंगत्व अंशतःच. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण. आणि देणे लागू होते ते अपघाताच्या दिवसापासून, आयुक्तांच्या निकालापासून नव्हे. हा सगळा विचार हक्काचा आहे. इथे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामामुळे आणि कामावर असताना अपघात झाला, एवढे पुरते. नोव्हेंबर 2025 मध्ये हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी हे सूत्र टिकून आहे.

उणीव आहे ती रकमेत. 2020 पासून जुन्या कायद्याखाली महिना 15,000 रुपयांपर्यंतचीच मजुरी हिशेबात धरली गेली. तीस वर्षांचा मिस्त्री दगावला, तर या मजुरीची निम्मी रक्कम, 7,500, गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. तो महिन्याला 25,000 मिळवत असला तरी आकडा तोच. याहून जास्त हवे, तर दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणा शाबीत करायचा. पण दोन्ही वाटा एकदम धरता येत नाहीत. गावाकडून आलेल्या बाईने तो पुरावा कुठून आणावा? साइटचे रजिस्टर तर मालकाच्याच कपाटात. दावे फार झाले अशी तक्रार करणाऱ्यांनी मजुरीची ही मर्यादा वाढवण्याची मागणी करून पाहावी.

तुमच्या ओळखीत असे कुणी घर असेल, तर एवढे करा: त्यांना कोऱ्या कागदावर अंगठा उठवू देऊ नका, आणि मुदत टळायच्या आत भरपाईचा अर्ज दाखल करायला लावा.