यंत्राआधी प्रशिक्षित हात

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क आहे, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटाकडच्या वाड्या-वस्त्या. हिंजवडीतल्या महिलेला मॅमोग्राफी जवळपास करून घेता येते. घाटाकडच्या महिलेची त्यापायी दिवसाची मजुरी बुडते. मग तिने तपासणीच करू नये का?

याचे उत्तर मुंबईत मिळाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार या गटातील पन्नाशीपुढच्या महिलांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही.

मॅमोग्राफी निरुपयोगी नाही. हाताला न लागणारी गाठही ती दाखवते. पण तरुण वयात स्तनातील ऊती दाट असल्याने गाठ झाकली जाऊ शकते आणि नुसत्या शंकेपोटी कधी बायोप्सीही करावी लागते.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढील महिलांची स्तनतपासणी आहेच. ती कागदावर राहू नये. उपकेंद्रात प्रशिक्षित सेविका हवी, आडोशाची खोली हवी आणि गाठ लागली तर मॅमोग्राफी, सोनोग्राफी व बायोप्सीची तारीख त्याच दिवशी मिळायला हवी. पुढचे उपचार वेळेवर झाले नाहीत, तर तपासणी हाताची असो वा यंत्राची, जीव वाचत नाही.

महिलांनीही एक लक्षात ठेवावे : सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखायची वाट पाहू नये.