आजीच्या चालीनं तळ्याकाठी
बालीगंजहून रवींद्र सरोवर गाठायला गाडी नको. गडियाहाट, गोलपार्क करत चालत गेलात की झाडीतलं तळं समोर येतं. 1920 च्या दशकात सखल जमिनीत भर घालायला इथली माती काढली, त्या खोदकामातूनच हे तळं झालं. रवींद्रनाथांचं नाव 1958 मध्ये मिळालं.

हिवाळ्यात सकाळी लवकर निघा, पक्षी दिसतील. चाल आजी-आजोबांची धरा. पूर्ण फेरीचा हट्ट नको. जेवढं गेलो तेवढंच परतही यायचं असतं, म्हणून ते दमायच्या आत वळा. पाण्याकाठी लहानग्यांचा हात सोडू नका. घरचा डबा न्या, पण माशांना पाव टाकू नका, पाणी खराब होतं. कचरा पिशवीतून घरी आणा.