पोस्टाचे बिऱ्हाड हलते तेव्हा...

पिशोरच्या ताईने मुंबईच्या भावाला स्पीड पोस्टाने राखी पाठवली, तर खिडकीवर तिला एक पावती मिळते. त्या पावतीवरच्या क्रमांकावरून पाकीट कुठवर पोचले ते घरबसल्या कळते. कसे बरे कळत असेल? वाटेत ठिकठिकाणी पाकिटाची नोंद होते आणि त्या साऱ्या नोंदी एका भल्यामोठ्या संगणकीय वहीत जमा होतात. या वहीला म्हणतात डेटाबेस.

टपाल खात्याने 2013 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीशी करार करून अशी यंत्रणा उभारून घेतली होती. पुढे खात्याने ठरवले, की आता आपल्याच तंत्रज्ञांनी बनवलेली यंत्रणा वापरायची. मे-जून 2025 मध्ये कर्नाटकात तिची चाचणी झाली आणि 4 ऑगस्ट 2025 पर्यंत देशभरातली दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालये तिच्यावर गेली. आणि त्या वर्षी रक्षाबंधन कधी होते, ठाऊक आहे? 9 ऑगस्टला!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? इकडच्या नोंदी उचलायच्या नि तिकडे ठेवायच्या. पण बिऱ्हाड हलवताना जुने कपाट नव्या दारातून आत जाईलच असे नाही ना? प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसची तऱ्हा वेगळी. 05/08/2025 म्हणजे आपल्याकडे 5 ऑगस्ट, पण अमेरिकी पद्धतीने 8 मे. रजिस्टरातला 0047 हा क्रमांक नव्या यंत्रणेने संख्या म्हणून वाचला, की पुढची दोन शून्ये गायब. गंमत म्हणजे 'काहीच न लिहिणे' हेसुद्धा सगळीकडे सारखे नसते. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये कोरा मजकूर आणि 'माहिती नाही' या दोन्ही गोष्टी एकच, तर पोस्टग्रेसमध्ये त्या वेगळ्या.

शिवाय सामान मोजत असताना कुणी आणत-नेत राहिले, तर मोजदाद जुळणार कशी? म्हणून त्या बदलाच्या वेळी टपाल कार्यालयांनी एकेक दिवस व्यवहार बंद ठेवले. पुढचे काही दिवस अनेक ठिकाणी संगणक रखडले, रांगा लागल्या. राखीच्या तोंडावर हा घाट घालायला नको होता, असे मला तरी वाटते.

नोंदी हलवल्यावर त्या ताडून पाहाव्याच लागतात. सातबारा उतारे हस्तलिखितातून संगणकावर आले, तेव्हा 2017 मध्ये महाराष्ट्रात गावोगावी 'चावडी वाचन' झाले. उतारे लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याच्या नावात किंवा क्षेत्रात चूक असेल त्याने तिथेच सांगायचे. नाव गळाले, तर उद्या पीककर्जाला अडचण!

पाकिटे काही बोलत नाहीत. पण स्पीड पोस्टाचा क्रमांक मात्र आपली चूक आपणच सांगतो. त्यात दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी 'आयएन' असते. यातला नववा अंक पहारेकरी! पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 यांनी गुणा आणि गुणाकारांची बेरीज करा. बेरजेला 11 ने भागा आणि उरलेली बाकी 11 मधून वजा करा. 12345678 घेतले, तर बेरीज 204, बाकी 6, म्हणून नववा अंक 5. आता कुणी घाईत 5 आणि 6 ची अदलाबदल केली, तर बेरीज 202 होते आणि पहारेकरी 7 हवा म्हणतो. चोर सापडला!

घरात जुनी पावती असेल तर करून पाहा. वजाबाकी 10 आली तर 0 धरा, 11 आली तर 5.