सर्वकालीन संघात नेव्हिल डिसूझा का नाही?

१/ भारतीय फुटबॉलचा ‘सर्वकालीन संघ’ निवडण्याचा खेळ समाजमाध्यमांवर वारंवार रंगतो. अकरा नावे, मैदानाची एक आकृती आणि खाली वादांची रांग. आघाडीच्या मध्यभागी सुनील छेत्री, त्याच्या आजूबाजूला १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेते. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मात्र बहुधा राखीव खेळाडूंतही नसतो. ही चूक आवडीनिवडीची नाही, इतिहास वाचण्याच्या पद्धतीची आहे.

२/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला आणि यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा मुंबई राज्याचे गाव झाले. त्याच दिवशी पैनगंगेपलीकडचे हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मुंबईच्या एका खेळाडूने मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये इतिहास घडवला. विदर्भातील तरुणाला तो आपल्या नव्या राज्याचा पहिला मोठा क्रीडाविजय म्हणता आला असता.

३/ सामना उपांत्यपूर्व फेरीचा, प्रतिस्पर्धी यजमान ऑस्ट्रेलिया. नेव्हिलने नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश.

४/ उपांत्य सामन्यात समोर युगोस्लाव्हिया. याच देशाने १९५२ साली हेलसिंकीत भारताला १०-१ असे चिरडले होते. मेलबर्नमध्ये पहिला गोल भारताचा झाला, आणि तो नेव्हिलचाच होता. पुढे भारत ४-१ ने हरला, बल्गेरियाकडूनही पराभूत होऊन चौथा आला. पण स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांत युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव आणि भारताचा नेव्हिल होता.

५/ पहिला आक्षेप ठरलेला: ‘ती स्पर्धा दुबळी होती.’ यात तथ्य आहे. केवळ अकरा संघ उतरले होते. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिली फेरी खेळावीच लागली नाही. परंतु सुवर्ण जिंकले ते लेव्ह याशिन गोलरक्षक असलेल्या सोव्हिएत संघाने. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे बळ मोजायचे असेल, तर नेपाळ आणि मालदीवविरुद्धचे छेत्रीचे गोलही त्याच काट्यावर तोलावे लागतील. एकासाठी एक माप आणि दुसऱ्यासाठी दुसरे, हा न्याय नव्हे.

६/ दुसरा आक्षेप: ‘गोल किती?’ छेत्रीचे आंतरराष्ट्रीय गोल ९० हून अधिक आहेत, सामने दीडशेहून अधिक. हा पराक्रम वादातीत आहे. पण पन्नासच्या दशकात राष्ट्रीय संघाला वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकेच सामने मिळत. ज्याला सामनेच मिळाले नाहीत, त्याला गोलांच्या बेरजेत हरवणे म्हणजे पेरणीच होऊ न दिलेल्या शेतकऱ्याला उत्पन्नाचा जाब विचारणे.

७/ तिसरा आक्षेप कोणी उघडपणे मांडत नाही, पण खरा तोच आहे: नेव्हिलचा खेळ पडद्यावर पाहायला मिळत नाही. जे दिसत नाही ते घडलेच नाही, असे गृहीत धरले जाते. पुराव्याचा अभाव हा गुणवत्तेचा अभाव ठरवणे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला न शोभणारी चूक आहे.

८/ सन्मानांच्या याद्याही येथे दिशाभूल करतात. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ साली. फुटबॉलमधील पहिला मान पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, पुढे बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग यांना. नेव्हिलचा बहर त्याआधी पाच वर्षे येऊन गेला होता. त्या यादीत त्याचे नाव नाही. १९८० साली त्याचे निधन झाले.

९/ उलट, भारत खेळलाच नाही अशी एक स्पर्धा सर्वांना तोंडपाठ आहे. १९५० च्या विश्वचषकातून ‘अनवाणी खेळू दिले नाही म्हणून’ माघार घेतल्याची दंतकथा शाळकरी मुलेही सांगतात. न खेळलेली स्पर्धा स्मरणात, आणि गाजवलेली विस्मरणात!

१०/ स्मरण जागवता येते, याचे उदाहरण जवळच आहे. पांढरकवड्याहून दक्षिणेला निघालेला महामार्ग पाटणबोरीपुढे पैनगंगा ओलांडतो आणि आदिलाबादमार्गे हैदराबादला पोहोचतो. ते शहर सय्यद अब्दुल रहीम यांचे. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५६ आणि १९६२ चे राष्ट्रीय संघही त्यांनीच घडवले. तरीही २०२४ साली ‘मैदान’ चित्रपट येईपर्यंत बहुतेक तरुणांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. चित्रपटाने जकार्ताला उजेडात आणले, मेलबर्न अजून अंधारातच आहे.

११/ मग संघ कसा असावा? तीन बचावपटू, दोन मध्यरक्षक, पाच आघाडीवीर ही त्या काळची रचना.
गोलरक्षक: पीटर थंगराज
बचाव: अरुण घोष, जर्नेल सिंग, शैलेन मन्ना
मध्य: नूर मोहम्मद, युसूफ खान
आघाडी: पी. के. बॅनर्जी, सुनील छेत्री, नेव्हिल डिसूझा, चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम
प्रशिक्षक: रहीम
येथे छेत्रीला बाहेर काढण्याची गरज पडत नाही. दोघे एकमेकांशेजारी खेळू शकतात.

१२/ ही मागणी मुंबईच्या अभिमानापोटी नाही. वरच्या अकरांत महाराष्ट्रासाठी कोणतीही राखीव जागा ठेवलेली नाही. प्रश्न निकषाचा आहे. ज्या खेळावर कॅमेरा नव्हता तो मोजायचाच नाही असे ठरले, तर आज पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावात संध्याकाळी रंगणारा खेळही उद्याच्या इतिहासातून आपोआप बाद होतो. नेव्हिलला वगळणारा तरुण नकळत स्वतःच्या मैदानालाही वगळत असतो.

१३/ ‘सर्वकालीन’ या शब्दात सर्व काळ आला पाहिजे. तो येत नसेल, तर त्या यादीला ‘पाहिलेल्यांचा संघ’ असे प्रामाणिक नाव द्यावे. आणि सर्वकालीन म्हणायचेच असेल, तर आघाडीच्या मध्यभागी पहिले नाव लिहावे: नेव्हिल डिसूझा.